तीनशे फुटांचा पाइप

पाइपाचं पलीकडचं टोक आणि भिंत यांत तळहात जेमतेम मावेल एवढी फट होती. सूनबाईने त्यात उजवा हात घातला आणि डाव्या हाताने खूण केली, तयार आहे म्हणून.

तीनशे फुटांवर, अलीकडच्या टोकाला, लोखंडाच्या वखारीची मालकीणबाई, तिचा धाकटा मुलगा आणि पहारी घेतलेले चार हमाल उभे होते. पाइप रोलरवर चढवलेला. जोर लावला की सरकणार.

धाकटा जेवताना बोलून बसला होता. लोखंड कितीही कडक असो, इथे ढकललं की तिथलं टोक म्हणे त्याच क्षणी हलत नाही. धक्का आतून पुढे सरकतो, त्याला वेळ लागतो. हमाल हसले. मालकीणबाई म्हणाली, तीस वर्षं पाइप सरकवतेय, दोन्ही टोकं बरोबरच हलतात. तेव्हा सून मध्ये पडली. ह्यांचं म्हणणं कधी खोटं नसतं, म्हणाली. तेही सासूला, चार माणसांत. मग सासूने तिलाच पलीकडे धाडलं. हमालांनी रेटा दिलेला दिसला की मगच हात काढ, वेळ आहेच म्हणतो ना तुझा नवरा. ती मोठ्या तोऱ्यात गेली.

"आई, बोलाव तिला," धाकटा आता हळूच म्हणाला, हमालांना ऐकू जाऊ नये असा. "पुरे झाली थट्टा."

"का रे? वेळ लागतो ना?"

"लागतो. पण पापणी लवायच्या आत पोचतो धक्का. हात निघायचा नाही."

"हे तिला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. बायको सगळ्यांदेखत आपली बाजू घेतेय म्हणून छाती फुगली होती, त्या नादात राहून गेलं. आता इथून ओरडावं, तर हमाल जन्मभर दात काढणार. तो त्यांच्याकडे बघत राहिला.

मालकीणबाईने मान हलवली. हमालांनी वाकून रेटा दिला.

लांबवर सूनबाईचं तोंड उघडलेलं दिसलं. किंकाळी मागाहून आली.

"खरंच की," मालकीणबाई म्हणाली. "वेळ लागतो."