दिवस निघेपर्यंत

डोकं बाहेर आलं होतं आणि तुळजाबाईच्या मुठी उघडत नव्हत्या.

दुर्गा, तिची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, गोधडीवर कण्हत होती. चिमणीच्या उजेडात बाळाचा चेहरा दिसत होता. तो जांभळा पडत चालला होता. मानेभोवती नाळेचे दोन वेढे बसले होते, घट्ट. एक बोट आत सरकवून वेढा सैल केला असता तर काम भागलं असतं. तुळजाबाई गावची सुईण होती; तीस वर्षांत तिने असे कितीतरी गळे सोडवले होते. पण आता पहाट होती, आणि पहाटे तिची बोटं तिची नसत.

दुष्काळाच्या साली खडी फोडायला गेली, तेव्हापासून सांध्यांनी धरलं होतं. रोज सकाळी बोटं आत वळून आखडलेली. लुगड्याची गाठ सुटत नसे, तांब्या उचलत नसे. म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठायची, निरगुडीचा पाला घालून पाणी उकळायची आणि कोणी जागं व्हायच्या आत त्यात हात बुडवून बसायची. दातओठ खात एकेक बोट सरळ करायची. उन्हं अंगणात आली की हात पुन्हा माणसात यायचे. मग दिवसभर कोणाला पत्ता लागत नसे. लागून चालणारही नव्हतं. आंधळ्या सोनाराकडे कोणी नथ घडवायला जात नाही.

आज निरगुडीला वेळच मिळाला नव्हता. दुर्गेच्या कळा पंधरा दिवस आधी आल्या, त्याही एकदम. तुळजाबाईने शेजारच्या सगुणाबाईला हाक मारून उठवलं आणि चुलीवरच्या कढत पाण्यात हात घातले. कातडी लाल झाली, बोटं जागची हलली नाहीत. टेंभुर्णीचा दवाखाना बैलगाडीने दोन तासांवर होता.

"सगुणे, बोट घाल आत. वेढा ढिला कर."

सगुणाबाई गुडघ्यांवर बसली होती. हात तिने मांडीवरच ठेवले होते. तिने उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर काळोख होता.

"कोंबडा कवाच आरवला, मावशी. दिवस निघू द्या."

तो नियम तुळजाबाईचाच होता. चार वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे, परक्या घरात, बोटं उघडेनात. बायका तोंडाकडे बघायला लागल्या. तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं की कोंबडा आरवल्यापासून दिवस निघेपर्यंत सटवाई वाटेवर असते, त्या वेळात नाळेला बोट लावायचं नाही. त्या दिवशी वेळ निभावली, मूलही धडधाकट निघालं. दुपारपर्यंत गोष्ट विहिरीवर पोचली, संक्रांतीपर्यंत शेजारच्या तीन गावांत. म्हाताऱ्या सांगू लागल्या की त्यांच्या आज्ज्याही हेच म्हणत. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. हिच्या खोट्याच्या कपाळी हळदकुंकू लागलं. तेव्हापासून पहाटेचं बोलावणं आलं तरी तुळजाबाई निर्धास्त जायची. आणि हा नियम पाळण्यात सगुणाबाईइतकं कडक गावात कोणी नव्हतं.

तुळजाबाईने समजावून पाहिलं. पाप मी माझ्या डोक्यावर घेते म्हणाली, सटवाईला कोंबडं कापते म्हणाली. सगुणाबाई मान हलवत राहिली. देवीच्या वाटेत हात घातला तर तुमच्याच लेकीचं वाटोळं होईल, असं ती कळवळून सांगत होती. तिचा कळवळा खरा होता, हेच भयंकर होतं. दुर्गेचं कण्हणं थांबलं होतं. बाळाचे ओठ काळे दिसू लागले. तुळजाबाईने स्वतःचीच मूठ पुढे नेली, बाळाच्या मानेशी टेकवली, जीव खाऊन बोट सरळ करू गेली. काही होईना.

मग तिने दोन्ही हात चिमणीच्या उजेडात धरले.

"हे बघ. पहाटंचे हे उघडत न्हाईत. सटवाई वाटंवर बिलकुल नसती, सगुणे. माझं झाकायला म्या रचलं ते. बोट घाल, तुझ्या पाया पडते."

सगुणाबाई त्या हातांकडे पाहत राहिली. किती वेळ, कोण जाणे. तुळजाबाईला तो जन्मभराचा वाटला. मग सगुणाबाईचं लांब, सडपातळ बोट पुढे आलं आणि नाळेखाली शिरलं. एक वेढा डोक्यावरून निघाला. दुसरा निघाला. दुर्गेने शेवटचा जोर केला आणि पोर सगुणाबाईच्या ओंजळीत आलं. ते गप्प होतं. तिने त्याच्या तळपायावर टिचक्या मारल्या, पाठ चोळली, पुन्हा टिचक्या मारल्या. ते रडलं.

तुळजाबाई भिंतीशी मटकन बसली. रडू आणि हसू एकदमच आलं. आता गाव काय म्हणेल, उद्यापासून कोण बोलावेल, याचं तिला काहीच वाटेना. लेक वाचली होती, नातू वाचला होता. बाकीचं गेलं खड्ड्यात. तिने आखडलेले हात पुढे केले आणि नातवाला मांडीवर मागितलं.

सगुणाबाईने पोर दिलं नाही. पदरात घेऊन तिने ते छातीशी धरलं होतं. तिचे डोळे कोरडे होते.

"गेल्या पौषात माझ्या लेकराच्या गळ्यातबी दोनच वेढे व्हते, मावशी," ती म्हणाली. "आन् तुमी म्हणल्या, दिवस निघू दे."