भिंतीवरचा आकडा

तांबडा रंग अजून ओला होता, म्हणून कोंडाबाईनं आकड्याला हात लावला नाही. दुधाची पिशवी तशीच धरून ती भिंतीपुढं उभी राहिली. नवरा, श्रीपती, ओट्यावर बसून चहा पीत होता.

"कवा आले व्हते?" तिनं विचारलं.

"तू दुधाला गेलतीस तवा."

"किती जण?"

"दोघं. एक हप्त्यात घर खाली करा म्हणाले."

कोंडाबाई शाळेत गेलेली नव्हती. पण तांबड्या आकड्याचा अर्थ मुसी नदीकाठच्या त्या वस्तीत शेंबड्या पोरालाही कळत होता. खालच्या गल्लीत गेल्या महिन्यात असेच आकडे पडले आणि पंधरा दिवसांत घरं पाडून गल्ली साफ झाली. तिथं आता फिरायला रस्ता होणार होता. पलीकडच्या काठावर वीस मजली इमारती आधीच उभ्या राहिल्या होत्या. नदी दिसते म्हणून लोकांनी तिथं जास्त किंमत दिली होती, आणि आता वास येतो म्हणून खिडक्या लावून बसत होते. सुधारणा म्हणतात ती हीच.

नवरा-बायको नांदेडकडून इथं आले तेव्हा काठावर नुसतं गवत होतं, म्हशींसाठी लावलेलं. रेल्वेच्या कारखान्यात मालडबे रंगवण्यात श्रीपतीची बत्तीस वर्षं गेली. त्या पगारात दोन खोल्या झाल्या, लेक गीता शिकून बँकेत लागली, मुलानं, रवीनं, मोटारसायकल घेतली. चार वर्षांपूर्वी पुराचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा रवी ती मोटारसायकल काढायला उतरला. मोटारसायकल सापडली. रवी सापडला नाही.

तेव्हापासून कोंडाबाई दाराला आतून कडी लावत नसे. मेलेल्या माणसासाठी करतात त्या जलदान विधीचं नाव काढलं की उठून जाई. पोराला हेच दार माहीत आहे, दुसरीकडं तो कसा येईल, एवढंच तिचं म्हणणं. गीतानं नदीपासून दूर तारनाक्याला आपल्या घरात आईबापासाठी खोली राखून ठेवली होती. ती चार वर्षं रिकामीच होती.

श्रीपती यावर कधी काही बोलला नाही. त्याला रडू येत नसे, भूक लागत नसे, कालवणात मीठ नसलं तरी कळत नसे. पावसाळ्यात पायरीला पाणी लागलं की तेवढं तो बघत बसे. आतून बधिर झालेला माणूस बाहेरून शहाणा दिसतो. श्रीपतीनं कसं सोसलं बघा, म्हणून वस्तीत त्याचं कौतुक होई.

दहाच्या सुमारास शेजारचा युसूफभाई आला. त्यानं आकडा बघितला, मग आपल्या घराच्या कोऱ्या भिंतीकडं बघितलं.

"अरे, हमारे कू छोड दिए, तुमारे कूच कैसा पकडे?"

"नदी वाकडी हाय. मोजणीची रेघ तिरपी गेली असंल."

"चलो, आफिस में जाको पूछते."

"नक्को, भाई," श्रीपती म्हणाला. "काय फायदा?"

संध्याकाळी गीता बँकेतून थेट आली. पर्स खांद्यावरून न काढताच तिनं सुरुवात केली.

"नोटीस कुठंय, बाबा? कागद दाखवा."

"कागद मागनं येणार म्हणाले."

"असं कसं नुसतं रंगवून जातात? तुम्ही सही केली काय कशावर?"

"न्हाई."

"मग मी उद्या कंप्लेंट टाकते. फोटो काढते." ती फोन घेऊन बाहेर निघाली, दारातच वळली. "बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही हो?"

श्रीपती आपली नखं बघत राहिला.

कोंडाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे, गीता. बाबाला हेलपाटे नको घालायला लावू."

गीता चकितच झाली. सरकार आलं तरी उंबरा सोडणार नाही असं चार वर्षं म्हणणारी आई भांडणार, रडणार, अशी तयारी करून ती आली होती. तिनं फोन पर्समध्ये ठेवला.

पुढचे तीन दिवस कोंडाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. रांधायला तेवढी उठायची. चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "टेम्पो सांगा."

श्रीपतीनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"आन् रवी आला तर?" त्यानं विचारलं. चार वर्षांत त्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा निघालं.

"युसूफभाईला पत्ता देऊन ठेवलाय मी."

सामान फार नव्हतंच. बाबासाहेबांची तसबीर कोंडाबाईनं चादरीत गुंडाळून काखेत घेतली. रवीचे दोन सदरे ठेवून घेतले, बाकीचे कपडे युसूफभाईच्या हवाली केले. दाराला कुलूप लावताना तिला ते नीट जमेना, तेव्हा युसूफभाईनंच लावून किल्ली तिच्या हातात दिली. त्याचे डोळे भरले होते. श्रीपतीला लाज वाटली, कारण त्याचे स्वतःचे कोरडे होते.

टेम्पो पुलावर आला आणि गर्दीत अडकला. गीता स्कूटीवर पुढं निघून गेली होती. ड्रायव्हर खाली उतरून पुढं कुणाशी तरी तेलुगूत हुज्जत घालू लागला. खाली नदी काळी, संथ होती.

"वाईट नको वाटून घिऊ," श्रीपती म्हणाला. "सरकारपुढं आपलं काय चालतंय?"

कोंडाबाईनं मांडीवरची तसबीर नीट धरली.

"बत्तीस वर्षं डब्यांवर आकडे काढले तुमी. मला वाचता येत न्हाई, पण तुमच्या हातचा आकडा कळतो." ती समोरच्या गाड्यांकडं बघत होती. "सरकारचा असता, तर मी हाललेच नसते."