परत आलेल्या अकरा मूर्ती

"नंबर टाकलेत ना मॅडम, तर मूर्ती बोलंल, पण माणसं गप व्हतील." कारखान्यात मूर्तींचे डोळे आखणाऱ्या काशीबाईने हे चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं आणि शांतीने ते हसण्यावारी नेलं होतं. आता नाशिकच्या व्यापाऱ्याने परत धाडलेले अकरा गणपती तिच्यासमोर ओळीने बसले होते. एकाचीही नजर सरळ नव्हती.

मालक हैबतराव दारातूनच म्हणाले, "नंबर बघा. ज्याचा असेल त्याला उद्यापास्नं घरी बसवा. पेणची आखणी म्हणून लोक माल उचलतात. नजरच गेली तर राहिलं काय?"

शांती पेणजवळच्या जोह्यातल्या या गणपती कारखान्यातली पहिली एच.आर. मॅडम. त्याआधी रोह्याच्या कंपनीत दोन वर्षं काढलेली. तिथे प्रत्येक पिंपावर शिफ्टचा नंबर असायचा, चूक कोणाची ते लगेच कळायचं. इथे डोळ्यांची आखणी करणारे सहा जण, आणि सगळा गोंधळ. पहिला डोळा झाला की आखणीवाला ओरडायचा, "बघ रे जरा!" शेजारचा कुंचला ठेवून उठायचा, तीन हात लांब उभा राहायचा. "डावा उतरला तुझा. सासूकडं बघतोय का काय बाप्पा?" मग हशा, मग दुरुस्ती. शांतीला यात वेळ वाया जाताना दिसला. तिने नंबर दिले. मूर्ती सुकली की दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाखाली ज्याने त्याने आपला नंबर घालायचा. ज्याचं काम, त्याची जबाबदारी.

मग कोणी कोणाची मूर्ती बघेना. "एचार म्हंजी हजर रहा नि गप रहा," त्या सहांतली रंभा कुजबुजायची, तेवढंच. दीड वर्षाची लेक घरात जरा जास्त वेळ गप राहिली की शांती हातातलं टाकून धावायची. पण अख्खा कारखाना गप झाला, तेव्हा तिला वाटलं, शिस्त लागली.

तिने मूर्ती एकेक करून उलट्या केल्या. तीन. पाच. दोन. सहा. पुन्हा तीन. चार. सगळेच बिघडले?

मग तिने मूर्ती सरळ ठेवल्या आणि मागे सरून बघितलं. अकराही मूर्तींचा उजवा डोळा बाहेरच्या बाजूला किंचित घसरला होता. तेवढाच, तिथेच. पाच माणसं एकाच जागी, एकाच मापाने कशी चुकतील? हात एकाच माणसाचा होता. आणि सहांपैकी एकच नंबर त्या अकरा पाटांखाली कुठेच नव्हता. पहिला. काळुरामकाकांचा. उरलेल्या पाचही जणांना कुंचला धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

काका बाहेर नळावर हात धूत होते. शांती आखणीच्या ओळीत जाऊन उभी राहिली. "नंबर तुमचे आहेत. डोळे कोणाचे?"

कुंचल्यावरून नजर न काढता केरू म्हणाला, "नंबर हाय ना मॅडम? मंग चूक आमची. लिवा."

"माझ्या दोन लिवा," रंभा म्हणाली. "आन् जरा ठळक लिवा, मालकाला चष्मा लागतो."

शांतीला हसू आलं आणि डोळेही भरले. रोह्याच्या कंपनीत भिंतीवर मोठा बोर्ड होता, 'आपण एक कुटुंब'. तो तिनेच लावून घेतला होता. इथे बोर्ड नव्हता. इथे नोकरी जाईल हे ठाऊक असून पाच जणांनी दुसऱ्याची चूक आपल्या नावावर घेतली होती. ही माझी माणसं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

"कोणाचा निघाला नंबर?" हैबतरावांनी पुन्हा दारात येऊन विचारलं.

"माझा," शांती म्हणाली. "ही पद्धत मी आणली. आजपासून बंद. आता पुन्हा एकाने काढायचं, दुसऱ्याने बघायचं. आणि उद्या आखणीवाले सगळे माझ्याबरोबर पेणला डोळे तपासून घ्यायला येतील. मीही तपासून घेणार."

"ऐन सीझनच्या तोंडावर?"

"सीझनसाठीच."

हैबतरावांनी तिच्याकडे बघितलं, मग मूर्तींकडे. "अर्धा दिवस," एवढंच म्हणाले.

एकट्या काकांना नेलं असतं, तर सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे वळली असती. म्हणून सात जण एकाच टमटममधून गेले. रंभाला आणि जगनला चष्मा निघाला. काळुरामकाकांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, चांगलाच पिकलेला. "ऑपरेशन करू, पुन्हा कुंचला धराल," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर शांती काकांच्या शेजारी बसली. आपल्या माणसांचं कौतुक तिला पोटात ठेववेना. पाच जणांनी त्यांच्यासाठी काय केलं, ते तिने हळूच सांगितलं.

काका हसले. "मला ठाव हाय गो. रोज सकाळी बघतोय, माझ्या मूर्तीखाली दुसऱ्याचा नंबर. जीव लावणारी पोरं हायेत माझी." मग त्यांनी उजवा डोळा हाताने झाकून समोरच्या भिंतीकडे बघितलं. "चार महिने वाट बघत व्हतो, कोण तरी इचारील, काका, दिसतंय ना नीट? सांभाळलं सगळ्यांनी. इचारलं नाय कोणी."

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, सगळे न बोलता सांभाळून घेतात असं. आज त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि विचारा.