लाल पिंपाच्या पुढे

"आबा, ते लाल पिंप बघा किती मागे राहिलं!" वल्ही मारता मारता केतकी म्हणाली.

मी झटकन मान वर केली. शहराच्या पुलाखाली होडी भाड्याने देताना होडीवाल्याने दोनदा बजावलं होतं, पिंपाच्या पुढे जाऊ नका. नातीला शिकवण्याच्या नादात मी तिचे हातच बघत राहिलो. वल्हवणारा पुढे पाठ करून बसतो, म्हणून तिला बंधारा दिसत नव्हता. मला दिसला. पाणी त्यावरून कोसळत होतं आणि प्रवाह आम्हाला तिकडेच ओढत होता. जागा बदलायला उठलो असतो, तर होडी कलंडली असती.

"आता वळायचं शिकू," मी म्हणालो. "डावं वल्हं वर धर. उजवं ओढ."

"सुट्टीतसुद्धा मास्तरकी!"

"ओढ, बाळा. अजून."

होडी फिरली आणि बंधारा तिच्या डोळ्यांसमोर आला. ती पांढरीफटक पडली. हात थांबले.

"माझ्याकडे बघ. दोन्ही वल्ही ओढ. एक, दोन. एक..."

पुढे माझा आवाजच फुटेना. तेव्हा दात आवळून तीच मोजू लागली, आणि होडी तसूतसूने बंधाऱ्यापासून दूर सरकू लागली.