रोज एकच माणूस

धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी आरोग्य खात्याच्या वेबसाइटवरची फारशी न उघडली जाणारी पानं काढायचं काम त्याच्याकडे आलं. एका दुर्मिळ आजारात कोणती औषधं जिवावर बेततात, त्याची यादी असलेलं पान रोज एकच माणूस उघडत होता.

"एकासाठी कशाला दुकान मांडून बसायचं? उडव," साहेब म्हणाले. त्यानं हसत उडवलं.

बुधवारी थोरल्या वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुमच्या दादांना ताप चढलाय. गोळी द्यायच्या आधी मी रोज बघते ना, ते सरकारी पान आज उघडतच नाही हो."

त्यानं समोर उघडी असलेली उडवलेल्या पानांची यादी बंद केली.

"नेट गेलं असेल, वहिनी. तापाच्या साध्या गोळीनं काय होतंय? द्या."

दादा गुरुवारी दुपारी गेला.