बाबांचा ब्रोकर

"बाबा, सेबीच्या यादीत या ब्रोकरचं नावच नाही!" मृण्मयीने तिसऱ्यांदा मोबाइल वडिलांच्या नाकासमोर धरला. "ऑफिसचा पत्ता नाही, फ्युचर्सचे सौदे व्हॉट्सॲपवर, पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यात. अजून काय बघायचंय?"

"अगं, माणूस चांगला आहे. रोज न चुकता गुड मॉर्निंग पाठवतो."

तिने कपाळावर हात मारला. सही जुळत नाही म्हणून बँकेत तीस वर्षं लोकांचे चेक परत पाठवणारा हा माणूस एका गुड मॉर्निंगवर विरघळला!

"आत्ताच्या आत्ता खातं बंद करा."

बाबा चष्मा पुसत राहिले. "बंद करायला तुझी सही लागेल. खातं तुझ्या नावावर आहे."

"माझ्या? मी कुठे सही केली?"

"मीच केली," बाबा हळूच म्हणाले. "अगदी जुळली बघ."