खिंडीतला लाल दिवा

दुपारी तीनलाच घाटावर धुकं उतरलं, आणि मृदुलाला पुढे दिसत राहिला तो फक्त श्रीरंगच्या सायकलचा लाल दिवा. पेरूमधल्या अँडीज पर्वतातली ही खिंड साडेचार हजार मीटर उंच होती. चार पायडलं मारली की धाप लागायची. ती थांबली की दिवाही थांबायचा. लग्नानंतर बावीस वर्षांनी का होईना, नवरा आपल्यासाठी थांबतोय, याचं तिला बरं वाटलं.

तेवढ्यात मागून श्रीरंगची हाक आली. तो सायकल हाताने ढकलत वर आला.

"अगं, किती हाका मारल्या. चेन तुटली होती माझी. तासभर खालीच बसलो होतो."

मृदुलाने पुढे बोट दाखवलं. वाऱ्याने धुकं जरा विरळ झालं. दहा पावलांवर रस्ता संपला होता. पुढचं वळण दरडीबरोबर खाली गेलं होतं. दिवा मात्र त्यापलीकडे, दरीवर अधांतरी थांबला होता.

मग तिकडून श्रीरंगच्याच आवाजात, मराठीतून शब्द आले, "चल ना मृदुला, पोचलोच आता."

श्रीरंगने तिचं मनगट घट्ट धरलं. त्याने हलकेच विचारलं, "हे मी बोललो का गं?"